नगरपरिषदेत तरुणांचं टेबल कुठलं?

गेल्या उन्हाळ्यात आमच्या आळीतला 19 वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे आला. पोलीस भरतीचा सराव करायचा होता त्याला, सोबत आणखी सात-आठ जण. 1600 मीटर धावायचं, गोळा फेकायचा, त्यासाठी सपाट मोकळी जागा हवी. नगरपरिषदेचं मैदान घरापासून पाच मिनिटांवर, पण फाटकाला कुलूप. "काका, चावी कोणाकडे मागायची?" एवढंच विचारायला तो आला होता.

मी म्हटलं, चल, दोघं जाऊन विचारू. आवक-जावकच्या टेबलावर सांगितलं, बांधकाम विभागात जा. बांधकामवाले म्हणाले, मैदानाच्या भिंतीचं काम आमचं, वापराचं नाही, मिळकत विभागात विचारा. तिथे कळलं की मैदान भाड्यानं मिळतं, दिवसाचा दर ठरलेला आहे. पण रोज सकाळी दोन तास मुलांना सरावाला द्यायचं तर तसा ठराव झालेला नाही. "अर्ज देऊन ठेवा." अर्ज दिला, पोच घेतली. मग पाऊस लागला, मैदानात गुडघाभर रान माजलं, आणि मुलं ओहोटीची वेळ बघून पुळणीवर धावायला लागली.

कोणी आम्हाला तोडून बोललं नाही, हेही सांगायला हवं. जो तो आपल्या टेबलापुरतं बरोबरच सांगत होता. पण 'हा मुलगा' हेच ज्याचं काम, असं टेबल त्या इमारतीत नव्हतं.

2025 च्या डिसेंबरात राज्यातल्या नगरपरिषदा आणि नगरपंचायतींच्या निवडणुका झाल्या. त्याआधी कित्येक शहरांचा कारभार बराच काळ प्रशासकांच्या हाती होता. आता नवे नगराध्यक्ष आहेत, नवे नगरसेवक आहेत, आणि प्रचारात 'युवकांसाठी' काहीतरी करण्याचा शब्द बहुतेकांनी दिलेला आहे. तो शब्द पाळायचा म्हणजे नगरपरिषदेनं नेमकं काय करायचं? शहराच्या कारभारात तरुणांसाठी वेगळं कार्यालय असतं म्हणजे काय असतं? मुळापासून बघू.

युवक कोणाला म्हणायचं?

केंद्र सरकारच्या 2003 च्या युवा धोरणात 13 ते 35 वयाचे सगळे युवक होते. 2014 च्या धोरणात ते 15 ते 29 झाले. राज्याच्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेला 18 ते 35 चालतं. मत देता येतं 18 व्या वर्षी, नगरसेवकपदाला उभं राहता येतं 21 व्या वर्षी.

शहरापुरती व्याख्या मी अशी करतो: दहावीच्या आसपास सुरू होणारा आणि हाताला टिकाऊ काम लागेपर्यंत चालणारा काळ. शाळेच्या हजेरीपटावरून नाव उतरतं आणि पगारपत्रकावर अजून चढलेलं नसतं. या मधल्या वर्षांत मूल कुठल्याच सरकारी वहीत नसतं. आजारी पडलं तर आरोग्य विभाग, घर बांधलं तर बांधकाम विभाग. नुसतं 19 वर्षांचं असेल तर कोणी नाही.

कायदा काय म्हणतो

1992 ची 74 वी घटनादुरुस्ती 1993 मध्ये अमलात आली आणि शहरांच्या कारभाराला घटनेत जागा मिळाली. घटनेच्या बाराव्या अनुसूचीत शहरांकडे सोपवता येतील असे 18 विषय आहेत: रस्ते, पाणी, दिवे, स्मशानभूमी, जन्म-मृत्यूची नोंद वगैरे. 'युवक' हा शब्द त्या यादीत नाही. पण उद्यानं आणि क्रीडांगणं आहेत. शिक्षण आणि संस्कृतीला चालना देणं आहे. शहरी गरिबी कमी करणं आहे, आर्थिक आणि सामाजिक विकासाचं नियोजन आहे.

आपल्याकडच्या नगरपरिषदा 1965 च्या महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियमाखाली चालतात. त्यात नगरसेवकांच्या विषय समित्यांची सोय आहे आणि त्यातली एक शिक्षण, क्रीडा व सांस्कृतिक कार्य समिती. पण समिती म्हणजे कार्यालय नव्हे. समितीत निवडून आलेली माणसं असतात, त्यांच्या बैठका होतात, ठराव होतात. ठरावाप्रमाणे रोज सकाळी फाटक उघडणारा कर्मचारी वेगळा लागतो, आणि तो मुख्याधिकाऱ्यांच्या हाताखाली असतो.

म्हणजे घरात तांदूळ आहे, नारळ आहे, कोकमं आहेत, चुलीत विस्तवसुद्धा आहे. आज जेवण कोणी रांधायचं तेवढं ठरलेलं नाही. सगळे एकमेकांकडे बघत बसतात आणि मुलं उपाशी राहतात.

मोठ्या महापालिकांनी यातून वाट काढली आहे. पुणे, नवी मुंबई अशा ठिकाणी समाज विकास विभाग आहेत, त्यांच्या योजना, त्यांचे अधिकारी आहेत. पण आपल्या कोकणातलं रत्नागिरी शहर 2011 च्या जनगणनेत सुमारे 76 हजारांचं, चिपळूण 55 हजारांचं, वेंगुर्ला जेमतेम 12 हजारांचं. एवढ्या शहरात मोठा विभाग उभा राहणार नाही, आणि त्याची गरजही नाही.

मग आज तरुणांच्या योजना चालवतं कोण?

बरेच जण चालवतात. राज्याचं क्रीडा व युवक सेवा संचालनालय आहे, त्याचे जिल्हा क्रीडा अधिकारी प्रत्येक जिल्ह्यात आहेत. शालेय स्पर्धा, युवा महोत्सव, क्रीडा संकुलं, व्यायामशाळांना आणि क्रीडांगणांना अनुदान ही त्यांची कामं. केंद्राची नेहरू युवा केंद्रं 1972 पासून होती, आता ते काम 'मेरा युवा भारत' या नावानं चालतं. महाविद्यालयांत 1969 पासून राष्ट्रीय सेवा योजना आहे. त्यातल्या विद्यार्थ्यानं दोन वर्षांत 240 तास समाजाचं काम करायचं असतं. कौशल्य विकास विभागाची युवा कार्य प्रशिक्षण योजना 2024 मध्ये आली: बारावी झालेल्याला महिना 6,000, आयटीआय किंवा पदविकावाल्याला 8,000, पदवीधराला 10,000 रुपये विद्यावेतन. मुदत आधी सहा महिन्यांची होती, पुढे पाच महिन्यांनी वाढवली.

म्हणजे योजना पुष्कळ आहेत. मात्र त्यांची कार्यालयं जिल्ह्याच्या ठिकाणी: रत्नागिरीत, ओरोसला, अलिबागला. मंडणगडच्या मुलाला रत्नागिरी गाठायची तर अख्खा दिवस मोडतो. एका कागदाची कमतरता निघाली तर दुसरा दिवस मोडतो. तिसऱ्या खेपेला तो जात नाही. मग आपण म्हणतो, हल्लीच्या मुलांना कशाची आवड नाही.

आगर शिंपलेल्या माणसाला हे चटकन कळेल. वहाळाला पाणी आहे, पाटानं ते आगराच्या कडेपर्यंत येतं. पण पाटापासून एकेका माडा-पोफळीच्या आळ्यापर्यंत दांड काढायला, एक आळं भरलं की माती ओढून पाणी पुढे वळवायला हाडाचा माणूस लागतो. तो नसला तर पाटाकडेचे चार माड तरारतात आणि बाकीचं पाणी परत वहाळाला जातं. शहरातलं युवा कार्यालय म्हणजे हा पाणी वळवणारा माणूस. पाणी त्याचं नाही, झाडंही त्याची नाहीत. कुठलं आळं कोरडं आहे ते मात्र त्याला बघताक्षणी कळायला हवं.

न्यूयॉर्कनं केलं तेवढ्यातलं आपल्या कामाचं

परदेशातल्या शहराचं उदाहरण दिलं की लोक म्हणतात, ते श्रीमंत आहेत. आहेतच. तरी न्यूयॉर्कच्या दोन गोष्टी सांगतो, कारण त्या पैशापेक्षा बुद्धीच्या आहेत.

त्या शहराच्या सरकारात 1996 पासून युवक आणि वस्ती विकासासाठी स्वतंत्र विभाग आहे. हा विभाग स्वतः वर्ग घेत नाही, सामने भरवत नाही. वस्त्यांमध्ये आधीपासून काम करणाऱ्या संस्थांशी तो करार करतो: इतकी मुलं, इतके दिवस, या वेळेत, अशी माणसं नेमून. पैसे देतो आणि काम होतंय का ते जाऊन बघतो. उन्हाळ्यात 14 ते 24 वयाच्या मुलांना सहा आठवडे पगारी काम मिळवून देण्याचा तिथला कार्यक्रम 1963 पासूनचा आहे. आज तो हाच विभाग चालवतो. मुलं दुकानांत, दवाखान्यांत, ग्रंथालयांत, सरकारी कार्यालयांत काम शिकतात.

दुसरी गोष्ट मला जास्त जवळची वाटते. 1991 मध्ये त्या शहरानं काही सरकारी शाळांच्या इमारती शाळा सुटल्यावर आणि सुट्टीच्या दिवशी वस्तीसाठी उघडायला सुरुवात केली. नवी इमारत बांधली नाही. जी आहे तिची चावी दुपारनंतर दुसऱ्या जबाबदार माणसाच्या हातात दिली. तिथे अभ्यास, खेळ, मोठ्यांचे वर्ग असं सगळं एका छपराखाली चालतं.

आता आपल्या शहरात फिरून बघा. नगरपरिषदेच्या शाळेचे वर्ग संध्याकाळी पाचनंतर बंद. पट कमी झाल्यामुळे काही खोल्या दिवसाही बंद. आणि त्याच शहरात स्पर्धा परीक्षेची मुलं अभ्यासाला शांत जागा नाही म्हणून एसटी स्टँडमागच्या खासगी अभ्यासिकेत महिन्याला पैसे भरतात, किंवा घरी दूरचित्रवाणी चालू असताना कानात बोळे घालून बसतात.

वर्षभराचं काम

युवा कार्यालय म्हटलं की डोळ्यांपुढे व्यासपीठ येतं, 12 जानेवारीचा राष्ट्रीय युवा दिन, हार, भाषणं. तो दिवस साजरा व्हावाच. पण उरलेले 364 दिवस काय, हे कोकणातल्या वर्षाच्या चालीनं सांगतो.

जूनमध्ये प्रवेशाची गर्दी. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, शिष्यवृत्तीचा ऑनलाइन अर्ज. ज्या घरातलं पहिलंच मूल कॉलेजात जातंय त्या घराला हे सगळं डोंगराएवढं वाटतं. कोणता कागद कुठे मिळतो हे सांगणारं, अर्ज भरताना शेजारी बसणारं एक टेबल असलं तर कितीतरी शिष्यवृत्त्या बुडायच्या वाचतील. याला निधी लागत नाही, बसणारा माणूस लागतो.

जुलै-ऑगस्ट पुराचे. 22 जुलै 2021 चं चिपळूण कोणी विसरलेलं नाही. पाणी ओसरल्यावर घराघरातला चिखल काढायला तरुण पोरं उतरली, बाहेरगावाहूनही आली. 1864 साली सुरू झालेलं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर 2005 च्या पुरातही भिजलं होतं, 2021 मध्ये पुन्हा भिजलं आणि माणसांच्या श्रमानं पुन्हा उभं राहिलं. पण ती फौज आपोआप गोळा झाली होती. कोणाला पोहता येतं, कोणाकडे होडी आहे, कोण प्रथमोपचार शिकलंय, याची यादी मे महिन्यातच तयार हवी. मुलांना दोरी, लाइफ जॅकेट वापरायचं शिक्षण हवं, त्यांचा विमा हवा. 20 वर्षांच्या पोराला नुसत्या उत्साहावर पुराच्या पाण्यात सोडणं मला मान्य नाही.

गणपतीत चाकरमानी येतात तेव्हा तर संधीच असते. मुंबईत बँकेत, रुग्णालयात, बंदरात, छापखान्यात कामाला असलेली गावची माणसं आठ दिवस घरी असतात. त्यांच्यासमोर बारावीच्या मुलांना दोन तास बसवलं तर कुठल्याही मार्गदर्शन मेळाव्यापेक्षा जास्त कळेल. हे नगरपरिषदेच्या सभागृहात फुकट होऊ शकतं. कोणीतरी तारीख ठरवायची, खुर्च्या मांडायच्या आणि निरोप द्यायचे.

पावसानंतर मैदानं साफ करून मोकळी करायची, हिवाळ्यात कबड्डी आणि क्रिकेटच्या स्पर्धांना वेळा वाटून द्यायच्या म्हणजे भांडणं होत नाहीत. मार्च-एप्रिलमध्ये परीक्षा आणि शिमगा एकत्र येतात, तेव्हा अभ्यासिका रात्री उशिरापर्यंत उघडी ठेवायची. मे महिन्यात पोहण्याचे वर्ग. समुद्राकाठची शहरं आपली, पण किती मुलांना, आणि विशेषतः किती मुलींना पोहता येतं ते एकदा विचारून बघा.

या सगळ्यासाठी त्या टेबलावर एक नोंदवही लागते. किती मुलं आली, काय मागितलं, कोणाकडे पाठवलं, पुढे काय झालं. चौथा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. माझ्या शेजारच्या मुलाच्या अर्जाचं पुढे काय झालं हे आजही कोणाला सांगता येत नाही, कारण अर्ज आवकमध्ये चढला आणि त्याचा माग ठेवणं कोणाचंच काम नव्हतं.

"पण नगरपरिषदेकडे पैसे कुठे आहेत?"

हा आक्षेप खरा आहे, म्हणून त्याचं उत्तर सावकाश देतो. खर्च दोन प्रकारचा. इमारत, भिंत, यंत्रं यांचा एकदाच होणारा तो भांडवली खर्च. दिवाबत्ती, पगार, दुरुस्ती असा दर महिन्याचा तो महसुली. आपल्याकडे भांडवली खर्चाला आमदार निधी, खासदार निधी, जिल्हा नियोजनाचा निधी असे दरवाजे आहेत. महसुली खर्चाला वाली मिळत नाही. म्हणून उघड्यावरची व्यायामाची यंत्रं येतात, खारा वारा लागून तीन वर्षांत त्यांचे सांधे गंजतात, आणि तेल घालायला कोणी नसतं.

युवा टेबलाचा खर्च जवळजवळ सगळा महसुली आहे आणि तो थोडा आहे. रोज संध्याकाळी चार वर्गखोल्यांची वीज, एक रखवालदार, दोन प्रशिक्षकांचं मानधन. महिला-बालकल्याण आणि दिव्यांग कल्याणासाठी अंदाजपत्रकात ठरावीक हिस्सा ठेवावा लागतो हे आपल्याला माहीत आहे. तसं युवकांसाठी एक वेगळं लेखाशीर्ष, म्हणजे अंदाजपत्रकातलं स्वतंत्र खातं, उघडायला नगरपरिषदेनं स्वतःहून ठरवायला हवं. रक्कम पहिल्या वर्षी लहान असो. खातं उघडलं की पुढच्या वर्षी 'गेल्या साली किती खर्च झाला' हा प्रश्न विचारता येतो. खातंच नसेल तर प्रश्नही विचारता येत नाही.

नवं पद निर्माण करणं मात्र अवघड आहे. नगरपरिषदेत किती पदं असावीत हे राज्य सरकार मंजूर करतं. त्याला आकृतिबंध म्हणतात. म्हणून आहे त्यातल्याच एकाला लेखी आदेशानं हे काम द्यावं. शहरी उपजीविका अभियानासाठी 2013 नंतर नगरपरिषदांत समुदाय संघटक नेमले गेले, बचतगटांमुळे त्यांना वस्त्या पाठ आहेत. अशा माणसाला हे सहज जमेल. विद्यावेतनावर आलेले प्रशिक्षणार्थी मदतीला घ्यावेत, पण टेबल त्यांच्यावर सोडू नये. मुदत संपली की ते जातात आणि सगळ्या ओळखी त्यांच्यासोबत जातात.

लहान नगरपरिषदेला काही जमत नाही असं म्हणणाऱ्यांनी वेंगुर्ल्याकडे बघावं. क वर्गातली, म्हणजे सर्वांत लहान वर्गातली नगरपरिषद, तिनं कचरा वेगळा करायची शिस्त लावून कचऱ्याच्या डेपोचं बघायला जाण्याजोगं ठिकाण केलं. गावोगावचे लोक ते पाहायला जातात.

"मुलं इथे राहतात कुठे?"

हा आक्षेप मला सर्वांत जास्त टोचतो, कारण तो बोलणारे आपणच असतो. मुंबईला जायचंच आहे तर इथे सोयी कशाला?

2001 ते 2011 या दहा वर्षांत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या वाढायच्या ऐवजी घटली. 2011 मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात दर 1000 पुरुषांमागे 1122 स्त्रिया होत्या, कारण पुरुष कामाला बाहेर. ही गोष्ट खरीच. आणि दुसरीही खरी: कोकण विभागीय मंडळ स्थापन झाल्यापासून दहावी-बारावीच्या निकालात राज्यात वर्षानुवर्षं पहिलं येतंय. आपण राज्यात सगळ्यात जास्त मुलं पास करतो आणि पास झाल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांचा हात सोडतो.

जाणारी मुलं जाणार, त्यांनी जावंही. पण कुठे जातोय, तिथे कोण ओळखीचं आहे, काय पगार मिळायला हवा, फसवणूक कशी ओळखायची हे कळून गेलेला मुलगा वेगळा आणि कोणाच्या तरी भरवशावर गाडीत बसलेला वेगळा. परदेशी जहाजावर नोकरी लावतो म्हणून लाखभर रुपये घेऊन पसार झालेल्या दलालाची गोष्ट किनाऱ्यावरच्या बहुतेक गावांत ऐकायला मिळते. दलालाचा परवाना खरा की खोटा हे तपासून देणारं टेबल गावात असतं तर काही घरं वाचली असती.

शिवाय राहणारेही आहेत. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून बोटीवर जाणारी मुलं आहेत. आंब्याच्या हंगामात दोन महिने पेट्या भरणारी आणि उरलेले दहा महिने मिळेल ते करणारी आहेत. मालवण-तारकर्लीला पर्यटकांना समुद्रात नेणारी आहेत, त्यांच्यातल्या कितीजणांनी रीतसर प्रशिक्षण घेतलंय हा पर्यटकांच्या जिवाचाही प्रश्न आहे. आणि मुली आहेत. त्या 1122 आकड्यात ज्यांची गणती झाली, त्यांच्या मुली आज कॉलेजात आहेत.

मुलींचं वेगळं सांगायला हवं. मैदान 'सर्वांसाठी खुलं' असं लिहून मुली येत नाहीत. संध्याकाळी सहाला तिथे फक्त मुलं असतील, दिवा नसेल, स्वच्छतागृहाला कुलूप असेल तर आई पाठवणार नाही, आणि मीही पाठवणार नाही. आठवड्यात ठरलेले दिवस, ठरलेली वेळ, हजर असणारी एक बाई, पेटलेला दिवा. हे ठरवणं टेबलाचं काम आहे. आपोआप होत नाही.

"शेवटी सगळं आपल्याच मंडळांना देतील"

देतीलही. जो नगरसेवक त्याचं मंडळ, ही भीती अनाठायी नाही. त्यावर उपाय कागदाचाच आहे. मैदानाचं आणि सभागृहाचं महिन्याचं वेळापत्रक नगरपरिषदेच्या फलकावर लागलेलं असावं: कोणाला, किती वाजता, कोणत्या तारखेपर्यंत. अर्ज आल्याच्या क्रमानं द्यायचं आणि नाकारलं तर कारण लिहून द्यायचं. चारचौघांत लागलेल्या कागदात खाडाखोड करणं कठीण जातं. मंडळांना बाहेर ठेवायचं कारण नाही; गणेशोत्सवात, रक्तदानात, पुरात तीच धावतात. त्यांना काम द्यावं, हिशेब मागावा.

मैदान हातचं कसं जातं

हा भाग थोडा किचकट आहे, पण माझ्या मते सगळ्यात निकडीचा.

प्रत्येक शहराचा विकास आराखडा असतो. कोणती जमीन राहायला, कोणती बाजाराला, कोणती शाळेला, कोणती मैदानाला हे त्या नकाशावर रंगांनी दाखवलेलं असतं. खासगी मालकाच्या जमिनीवर 'क्रीडांगण' असा शिक्का असतो तेव्हा तिला आरक्षण म्हणतात. जमीन लगेच सरकारची होत नाही. ती ताब्यात घ्यावी लागते. 1966 च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याच्या कलम 127 प्रमाणे आराखडा लागू झाल्यापासून 10 वर्षांत जमीन घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो. त्या नोटिशीनंतर 24 महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत की आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे संपतं, आणि मालक तिथे शेजारच्या जमिनीप्रमाणे बांधकाम करू शकतो.

मालकाचंही यात चुकत नाही. 10 वर्षं त्याची जमीन अडकून राहिलेली असते, न्याय त्यालाही हवा. पण ती नोटीस नगरपरिषदेत आली की ती कोणाच्या टेबलावर जाते? नगररचना विभागाच्या. तिथे शंभर फायली असतात. मैदान गेलं तर आपलं काहीतरी गेलं असं वाटणारा माणूस त्या क्षणी त्या इमारतीत हवा. आराखड्यात मैदानासाठी किती जागा आहेत, त्यातल्या किती ताब्यात आल्या, कोणत्या आरक्षणाची 10 वर्षं कधी भरतात याचा तक्ता युवा टेबलावर भिंतीला लावलेला असावा. टेकड्या आणि खाडीच्या मध्ये वसलेल्या आपल्या शहरांत सपाट जमीन मुळातच तुकड्या-तुकड्यांनी आहे. एकदा तिच्यावर इमारत चढली की दुसरी आणायची कुठून?

कार्यक्रम आणि काम यातला फरक कसा ओळखायचा

महोत्सवाला किती गर्दी जमली याचे फोटो छापून येतात. त्याऐवजी साधी विचारपूस करावी. मैदानाचं फाटक वर्षातले किती दिवस उघडं होतं? अभ्यासिकेत मार्चमधल्या मंगळवारी रात्री नऊला किती मुलं होती? मुलींच्या वेळेत किती मुली आल्या, आणि पहिल्या महिन्यात आलेल्यांपैकी सहाव्या महिन्यात किती टिकल्या? रत्नागिरीचं नगर वाचनालय 1828 पासून आहे. जवळजवळ दोनशे वर्षं एखादी संस्था टिकते ती रोज ठरल्या वेळी दार उघडल्यामुळे.

आता आपण काय मागायचं

नगरपरिषदेचं अंदाजपत्रक साधारण जानेवारी-फेब्रुवारीत तयार होतं आणि 1 एप्रिलपासून लागू होतं. मागणी त्याआधी, दिवाळीच्या सुमारास, लेखी द्यावी. मागायचं फार नाही. युवक कार्याची जबाबदारी एका नावानिशी कर्मचाऱ्याला देणारा मुख्याधिकाऱ्यांचा आदेश. अंदाजपत्रकात वेगळं लेखाशीर्ष. मैदान, सभागृह आणि शाळेच्या रिकाम्या खोल्या रोज ठरावीक वेळेत खुल्या करण्याचा ठराव. अर्जावर दहा जणांच्या सह्या असल्या तर बरं, त्यातल्या पाच मुलींच्या असल्या तर फारच बरं. आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाला एक प्रत द्या आणि पोच घ्यायला विसरू नका.

मैदानांच्या आरक्षणांची स्थिती माहिती अधिकारात मागता येते. अर्जाला 10 रुपये लागतात, उत्तर 30 दिवसांत द्यावं लागतं. हा अर्ज कॉलेजातल्या मुलांनी स्वतः लिहावा; आपल्या शहराचा नकाशा हातात घेऊन बसण्यासारखं दुसरं शिक्षण नाही.

तो शेजारचा मुलगा अजून पुळणीवरच धावतो. समुद्राला भरती असली की सराव बुडतो, म्हणून त्यानं खिशात ओहोटीच्या वेळांचा कागद ठेवलाय. आमच्या पहिल्या अर्जाची पोच माझ्याकडे जपून आहे. येत्या सोमवारी आम्ही दोघं ती घेऊन पुन्हा जाणार आहोत, आणि या वेळी त्याच्यासोबत पोलीस भरतीचा सराव करणाऱ्या तीन मुलीही येणार आहेत.